सावल्या बंद, गवत कमी

आमच्या क्वार्टरची पुढची खोली साडेदहा फूट लांब आणि नऊ फूट रुंद होती. हे मी अंदाजाने लिहीत नाही. आईच्या शिवणकामाच्या टेपने ती मी स्वतः मोजली होती, आणि तीही एकापेक्षा अधिक वेळा, कारण त्या वर्षी मोजण्यासारखे दुसरे फारसे काही माझ्या हाताशी नव्हते. एका भिंतीला आईचा पलंग, पलंगाच्या पायथ्याशी माझे संगणकाचे टेबल, खिडकीत कूलर आणि या तिघांच्या मधून एका माणसाला तिरपे होऊन जाता येईल एवढी वाट. या वाटेने मी दिवसातून किती वेळा ये-जा करते हेही मी एकदा मोजले होते; तो आकडा येथे देत नाही, तो वाचून कोणाचे भले होणार नाही. मला अजून तिशी लागायची आहे आणि आत्मकथन लिहिण्याचे हे वय नव्हे, याची मला जाणीव आहे. पण त्या वर्षातील काही तपशील आताच अस्पष्ट होऊ लागले आहेत, आणि अस्पष्ट नोंदी मला कधीच सहन झालेल्या नाहीत.

वसाहत नागपूरजवळच्या कोराडीची. बाबा वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षात डेस्क ऑपरेटर होते. त्यांची पाळी दर आठवड्याला बदले आणि तिच्यासोबत आमच्या घराचा दिवस बदले. रात्रपाळीच्या आठवड्यात ते सकाळी परतत, अंघोळ करून पोळी-भाजी खात आणि आतल्या खोलीत झोपत. त्या खोलीच्या खिडकीच्या काचांना खाकी कागद चिकटवलेला होता. मग दुपारी चारपर्यंत आमचे घर कुजबुजत असे. भांडे पडले तरी आपण पडलो असे वाटे. लहानपणापासून मी हळू बोलायला, पायांच्या पुढच्या भागावर चालायला आणि कपाटाची कडी बोटाने अडवून लावायला शिकले होते. बाहेर दोरीवर वाळत घातलेले कपडे आत आणण्यापूर्वी दोनदा झटकावे लागत, कारण त्यांच्यावर राखेचा बारीक थर बसलेला असे. पांढरे कपडे घ्यायचेच नाहीत असा आमच्या घरचा अलिखित नियम होता. फक्त बुद्धपौर्णिमेची साडी पांढरी असे आणि ती आई घरातच वाळवे.

भौतिकशास्त्रातील पदवी हाती आली होती आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यातील एका संस्थेत मला जागा मिळाली होती. ज्या आठवड्यात तेथे हजर व्हायचे, त्याच आठवड्यात आई शिवणयंत्रावरून उठताना उठूच शकली नाही. वसाहतीतील निम्म्या बायकांचे ब्लाउज तिने वीस वर्षे शिवले होते आणि कण्यातील एका चकतीने त्याचा हिशेब अचानक मागितला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितले की तिने वर्षभर तरी स्वतःहून कूसही बदलायची नाही. खांदे आणि कंबर एकाच वेळी, एका सरळ रेषेत, दुसऱ्या माणसाने वळवायची, आणि ते दर दोन तासांनी. बाबांची पाळी होती, दुसरे कोणी नव्हते, आणि माझी जागा त्या दोन तासांच्या चक्रात निघून गेली. पुढचा प्रवेश पुढच्या वर्षी. 'एका वर्षाचा तर प्रश्न आहे,' असे जो तो म्हणे. हे सांगणारा प्रत्येक माणूस पाच मिनिटांत आमच्या घरातून निघून जात असे.

स्वयंपाक मी करू लागले तो आईच्या कानांच्या देखरेखीखाली. पलंगावरून स्वयंपाकघर दिसत नव्हते. पण तिला सारे ऐकू येई. "तेल तापलं नाही वं तुझं," ती हळूच म्हणे, "मोहरी कशी रडून राहिली पाह्य." किंवा, "पोळी लाटताना बेलन असं आपटत नसतेत. बाबा झोपले आहेत." आलू-वांग्याच्या भाजीचा रस्सा किती आटला हे ती बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगे आणि ते बरोबर निघे. एक प्रयोग म्हणून मी दोनदा तिला खोटे सांगून पाहिले. दोन्ही वेळा पकडली गेले. दुपारी वरण-भात कालवून मी तिला चमच्याने भरवी, कारण आडवे पडून तिला घास उचलता येत नव्हता. त्या वेळी ती माझ्याकडे न पाहता छताकडे पाही. माझ्यामुळे तू अडकलीस, हे वाक्य तिने कधी उच्चारले नाही. मीही नाही. पण भाताच्या प्रत्येक घासाच्या मागेपुढे ते होते.

खेळाची सुरुवात महाविद्यालयातच झाली होती. तो ऑनलाइन डावपेचांचा खेळ. तीन जणांचा संघ विरुद्ध तीन जणांचा संघ, प्रत्येकाचे एक नगर, थोडी फौज आणि समोर धुक्याने झाकलेला नकाशा. ज्या भागात आपला माणूस पोहोचतो तेवढेच धुके निवळते. शत्रूची तिन्ही नगरे आधी जो पाडेल तो जिंकला. दोन तासांच्या दोन वळवण्यांमध्ये एक सामना नेमका बसत असे, हेच खरे कारण की मी त्या वर्षी तो रोज खेळू लागले. हळूहळू क्रमवारीत इतकी वर गेले की पुण्याच्या एका संघाचा कर्णधार तन्मय याने मला निरोप पाठवला. त्यांचा तिसरा खेळाडू शिक्षणासाठी परदेशी निघाला होता. संघाचे प्रशिक्षण केंद्र होते, तेथे राहायची सोय होती, विद्यावेतन होते. मे महिन्यात एक चाचणी सामना. निवड झाली तर जूनपासून पुण्यात.

मी हे बाबांना सांगितले तेव्हा ते दुपारपाळीसाठी बूट घालत होते. त्यांनी आधी दोन्ही नाड्या बांधल्या.

"खेळाची नोकरी?" त्यांनी विचारले.

"नोकरीसारखंच समजा. अन् जुलैमध्ये तिथंच प्रवेशही घेता येते. मी तिथं असली तर अर्ज, मुलाखत, सगळं सोपं."

"अन् हिचं?" त्यांनी पलंगाकडे पाहिले.

"हिचं काय," आई छताकडे पाहत म्हणाली, "हिले काय लोक उचलून नेऊन राहिले?"

बाबा दारात उभे राहिले. "निवड होऊन दाखव आधी," ते म्हणाले. "झाली तर मी लंबी सुट्टी टाकतो. माझ्या सुट्ट्या सडून राहिल्या आहेत तिथं. तुझ्या आईले मी पाहतो." दुसऱ्या दिवशी ते रजेचा कोरा अर्ज घेऊन आले. नाव आणि कारण भरून त्यांनी तो फडताळात ठेवला. तारखांच्या जागा मोकळ्या होत्या. माझी सुटका, इतकी ठोस, कागदावर, त्या फडताळात होती, आणि ती एका सामन्यावर अवलंबून होती.

आता माझ्या यंत्राविषयी लिहिले पाहिजे. संगणक महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी घेतलेला, त्यात चित्रांसाठी वेगळे कार्ड नाही. चार जणांच्या लढाईत पडदा इतका अडखळे की भाला उगारलेला दिसे आणि त्यानंतर एकदम माणूस मेलेला दिसे; मधला भाग माझ्या वाट्याला येतच नसे. पुण्याच्या मुलांकडे जी यंत्रे होती ती मिळणे शक्य नव्हते. म्हणजे जे होते त्यातून प्रत्येक अनावश्यक गोष्ट काढून टाकणे एवढाच मार्ग उरत होता. मी एक वही केली. दर वेळी एकच सेटिंग बदलायचे, बाकी सारे स्थिर ठेवायचे, तीच नोंदवलेली लढाई तीनदा चालवायची आणि सेकंदाला किती चित्रे उमटतात ते लिहायचे. सावल्या बंद केल्या, सर्वांत मोठा फरक तेथे पडला. पाण्यातील प्रतिबिंबे बंद. ढग बंद. धुराचे लोट किमान. पडद्याची सुबकता एक पायरी खाली. गवत किमान केले तेव्हा वेगापेक्षाही मोठा लाभ हाती आला: बाकीच्यांच्या नकाशावर जेथे कमरेएवढे गवत डुलत असे, तेथे माझ्याकडे उघडी हिरवी जमीन होती आणि त्यात दबा धरून बसलेले घोडेस्वार मला टेबलावरच्या सोंगट्यांसारखे स्वच्छ दिसत. हे नियमात बसते का, हे मी तपासले. बसत होते. सेटिंग खेळानेच दिलेले होते.

"आधी कसं छान दिसे वं," आई म्हणाली. एका कुशीवर वळवले की पडदा तिच्या थेट समोर येई आणि ती मालिकेसारखा तो पाही. "नदी होती, झाडं होती, ढगं होते. आता तर पार उन्हाळ्यातल्या वावरावानी करून ठेवलं."

"आता जोरात चालते, आई."

"चालू दे. पण हे निळे काहून पळून राहिले?"

"निळे आपलेच आहेत."

"मंग तू काय पाहून राहिली? थांबव ना त्यांले."

यंत्राची उष्णता हा स्वतंत्र विषय होता. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी खोलीतील हवाच इतकी तापलेली असे की संगणक दहा मिनिटांत स्वतःचा वेग कमी करून घेई. मी पेटी उचलून कूलरच्या झोतात ठेवली. वेग टिकला, परंतु कूलरची हवा ओली असते आणि चौथ्या दिवशी एका स्क्रूवर गंज दिसला. मग पेटी झोताच्या कडेला, पुठ्ठ्याचा एक पडदा तिरपा लावून, असा तोडगा निघाला. आतल्या पंख्यावर राख बसे, ती मी दर रविवारी रंगाच्या जुन्या कुंचल्याने काढी. आज ज्या प्रयोगशाळेत मी काम करते तेथे धूळ मोजण्याचे स्वतंत्र उपकरण आहे. ते पाहिले की मला तो कुंचला आठवतो आणि त्या उपकरणाच्या किमतीबद्दल मी काही बोलत नाही.

कळांची मांडणी मात्र मला एकटीला सुटली नाही. खेळाने दिलेली मांडणी पडद्यावरील चित्रांच्या क्रमाने होती, हाताच्या सोयीने नव्हे. मी ती तीनदा बदलली आणि तिन्ही वेळा घाईत चुकीची कळ दाबली. एका संध्याकाळी बाबा चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले. खेळ त्यांना कळत नव्हता. ते माझा हात पाहत होते.

"हे बटनं कोनं ठरवले?"

"कंपनीनं."

"कंपनीवाल्याचा हात अन् तुझा हात एक आहे का?" त्यांनी कप टेबलावर ठेवला. "कोनतं सगळ्यात जास्त दाबतं?"

"टेहळणीचं. नकाशाच्या वेगवेगळ्या जागी उडी मारायचं."

"अन् कोनत्याचं भेव वाटते?"

मी थोडा विचार केला. "माघारीचं. ते चुकून दाबलं का सगळी फौज पाठ फिरवते."

"ते तुझ्या करंगळीखाली आहे. हात थरथरला का गेली फौज घरी." ते हसले. "आमच्या डेस्कवर युनिट बंद करायचं बटन झाकणाखाली असते. पयले झाकण उचला, मंग दाबा. जे रोज लागते ते हाताखाली, जे एकदाच लागते ते दूर. अन् डोळा कधी खाली आला नाही पाहिजे. डोळा पॅनलवर."

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी मिळून संपूर्ण मांडणी नव्याने केली. माघारीला दोन कळा एकत्र दाबाव्या लागतील अशी सोय केली, हे तिचे झाकण. टेहळणीच्या चार जागा पहिल्या दोन बोटांखाली आणल्या. बाबा माझ्या डोळ्यांवर आईची ओढणी बांधून कळांची नावे घेत आणि मी दाबी. शेवटी शेवटी ते नावे इतक्या झपाट्याने घेऊ लागले की आईने पलंगावरून, "पोरीचे बोटं तोडता का आता," असे विचारले. त्या घरात त्या वर्षी आम्ही तिघे एकाच गोष्टीत इतके रमलो असल्याची दुसरी आठवण मला सापडत नाही.

आवाजाचा प्रश्न उरला होता. सामन्यात संघातील तिघे एकमेकांशी बोलत असत आणि आमच्या घरातील प्रत्येक आवाज ध्वनिग्राहकातून पुण्याला पोहोचत असे. पहिल्याच सरावात ऐन लढाईच्या मध्ये आईने विचारले, "सांबार टाकला का वं भाजीत?" मी टाकला म्हणाले. सामना संपल्यावर तन्मयने विचारले, "तुमच्याकडे भाजीत सांबार टाकतात?"

"सांबार म्हणजे कोथिंबीर," मी म्हणाले.

"मग इडलीसोबत काय खाता, कोथिंबीर?"

तो चांगला मुलगा होता आणि हे त्याने हसतच विचारले होते. संघातला दुसरा, साताऱ्याचा खेळाडू, जो सहसा बोलतच नसे, तोही हसला. मीही हसले, आणि त्याच संध्याकाळी ध्वनिग्राहक असा जुळवला की एक ठरावीक कळ दाबून धरली तरच माझा आवाज पलीकडे जाईल. ती कळ अंगठ्याखाली ठेवली. त्याशिवाय आणखी एक गोष्ट केली, ती वहीत लिहिली नाही. मी माझी भाषा तपासली. मले, तुले, काहून, वं, मंग: हे शब्द मी सरावातील बोलण्यातून एकेक करून काढून टाकले, जसे ढग आणि प्रतिबिंबे काढली होती. दोन आठवड्यांनी तन्मय म्हणाला की तुझे बोलणे आता एकदम स्पष्ट झाले आहे. मी ते प्रशस्तिपत्र समजले.

चाचणी दुपारी साडेतीनला होती. बाबांची रात्रपाळी चालू होती. त्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीतली चटई उचलली आणि स्वयंपाकघरात, दोन दारांपलीकडे अंथरली. "आज मोठ्यानं बोल," ते म्हणाले, "मले काही ऐकू येत नाही तिथं." आईला मी सव्वातीनला वळवले, पडद्याकडे तोंड करून. तिने एक हात पलंगाच्या कडेवर ठेवला. संघाचे व्यवस्थापक बोलणे ऐकत राहणार होते, स्वतः बोलणार नव्हते. ते ऐकत आहेत याची खूण म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा राखाडी ठिपका होता.

पहिली वीस मिनिटे माझी होती. हे आत्मस्तुतीने नव्हे, सामन्याची नोंद मी नंतर अनेकदा पाहिली म्हणून लिहिते. शत्रूचे दोन हेर गवतात लपलेले मी शोधले आणि तन्मयने ते टिपले. शत्रूचे दक्षिणेकडील एक नगर पडले. आमची तिन्ही उभी होती. तन्मयची मोठी फौज मधल्या खिंडीत थांबली होती: तेथून ती दक्षिणेला शत्रूच्या दुसऱ्या नगरावर जाऊ शकत होती किंवा उत्तरेला माझ्या नगराच्या रक्षणाला. कोठे जायचे हे मी काय कळवते यावर ठरणार होते. तेच माझे काम होते. आणि तेव्हा मला दिसले. उत्तरेच्या उताराजवळ, उघड्या जमिनीवर, शत्रूची जवळजवळ संपूर्ण फौज, माझ्या नगराच्या दिशेने, भरधाव.

अंगठा कळेवर गेला. "उत्तरेकडून येऊन राहिले," मी म्हणाले.

"किती?" तन्मयने विचारले.

"सगळे. सगळे येऊन राहिले, उतारापाशी."

मग त्याने शांतपणे म्हटले, "राहू दे."

मला वाटले, त्याचा काही बेत असावा. कर्णधार 'राहू दे' म्हणतो म्हणजे तू काळजी करू नकोस, मी पाहतो. मी माझी थोडी फौज तटावर चढवली आणि वाट पाहिली. तन्मयची फौज हलली, पण दक्षिणेला. मी पुन्हा कळ दाबली. "तन्मय, ते येऊन राहिले."

"हो, कळलं. राहू दे त्यांना तिथंच. तोवर मी दुसरं नगर घेतो."

त्यांना तिथंच, हे शब्द मी ऐकले आणि त्यांचा अर्थ मला लागला नाही. अर्थ लागेपर्यंत माझा दरवाजा पडला होता. "निळे कुठं चालले?" आईने विचारले. माझ्यानंतर आमची उरलेली दोन्ही नगरे पडली, आणि तन्मय शत्रूच्या तटापर्यंत पोहोचला तेव्हा त्याच्या मागे परतण्यासारखे काही उरले नव्हते. माघारीच्या दोन कळा मला एकदाही दाबाव्या लागल्या नाहीत.

"तू म्हणालीस ते येऊन राहिले," तन्मय म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो खरोखर गोंधळलेला होता.

"हो. येऊन राहिले होते."

"म्हणजे आले आणि तिथे राहिले. तळ टाकला. म्हणून तर मी दक्षिणेला गेलो."

"नाही. म्हणजे येत होते. त्याच वेळी."

"मग 'येतायत' म्हणायचं ना," तो म्हणाला.

राखाडी ठिपका आणखी काही क्षण दिसला आणि मग नाहीसा झाला.

मी जे शब्द काढले होते ते सगळे वेगळे दिसणारे होते. हा वाक्प्रयोग मला सापडलाच नव्हता, कारण त्यात वेगळा शब्द नव्हता. 'येऊन' पुण्यातही आहे, 'राहिले' पुण्यातही आहे, कोणत्याही शब्दकोशात दोन्ही आहेत. फक्त आमच्याकडे ते जोडून उच्चारले की गोष्ट चालू असते, आणि तिकडे ती संपलेली असते. आम्ही जन्मभर असेच बोलत आलो, आणि माझ्या कानाला त्यात तपासण्यासारखे काही वाटले नव्हते.

बाबा पाच वाजता उठले. मी चहा ठेवला आणि त्यांना सर्व सांगितले, क्रमाने, जसे घडले तसे. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होते.

"'येऊन राहिले' म्हनली तू? पुण्याच्या पोराले?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला आणि ते हसू लागले. ते हसू चांगले नव्हते. त्यात दुःख होते आणि ते त्यांना आवरत नव्हते. "आमच्या कंट्रोल रूमच्या फोनवर 'राहिलो'ले बंदी आहे," ते शेवटी म्हणाले. "पयल्याच दिवशी सांगतेत. पंप बंद करतो म्हन, नाहीतर बंद केला म्हन. बंद करून राहिलो म्हनायचं नाही. नवा साहेब तिकडला असला का तो समजते, बंद करून उभा आहे."

"वीस वर्षांपासून तुम्हाले हे माहीत आहे?"

"जास्तच."

"मंग मले काहून सांगितलं नाही?"

"तू मले बटनं विचारले, बेटा," ते म्हणाले. "बोलनं तर तुले येते असंच वाटलं मले."

संघाचा निर्णय तिसऱ्या दिवशी आला. खेळ उत्तम, माहिती कळवण्यात स्पष्टता कमी, असे दोन भाग त्यात होते आणि निवड नाशिकच्या एका मुलाची झाली होती. मी व्यवस्थापकांना एक पत्र लिहिले. त्यात वर्तमानकाळाची दोन रूपे, त्यांचा भौगोलिक विस्तार आणि चूक दोन्ही बाजूंची कशी, हे मुद्देसूद मांडले होते. ते पत्र मी अजूनही चांगले समजते. त्याला उत्तर आले नाही.

जून लागला. वसाहतीत सकाळी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांचा गलका सुरू झाला, आणि तो मला खिडकीतून ऐकू येई. पाहायला मी उठत नसे. डॉक्टरांनी आईला तपासून दिवाळीपर्यंत असेच चालू ठेवा असे सांगितले. म्हणजे जुलैचा प्रवेशही गेला, आणि रजेचा अर्ज तारखांविना फडताळातच राहिला. त्या आठवड्यात एका दुपारी तन्मयचा निरोप आला. आधी त्याने विचारपूस केली, मग लिहिले की चूक माझीही होती, मी पुन्हा विचारायला हवे होते. त्याच्या खाली लिहिले होते: तुझी सेटिंगची फाइल पाठवशील का? नव्या मुलाला कळांची ती मांडणी फार उपयोगी पडेल, आणि गवताचेही.

मी तो निरोप दोनदा वाचला. नाही म्हणण्याची दोन कारणे आणि हो म्हणण्याचे एक कारण माझ्याकडे होते. पद्धत लपवून ठेवणे मला शिकवलेले नव्हते, हे ते एक. मी फाइल उघडली आणि प्रत्येक ओळीपुढे ती तशी का आहे हे लिहीत गेले. सावल्या बंद: सर्वांत मोठा लाभ. गवत कमी: दृष्टी. टेहळणी: पहिली दोन बोटे. माघार: दोन कळा, कारण चुकून दाबली जाऊ नये. बोलण्याची कळ: अंगठा. येथे कारण म्हणून काय लिहावे हे मला सुचेना, तेव्हा ती जागा मोकळी सोडली. त्यांच्या यंत्रांना यांतील निम्म्या गोष्टींची गरज नाही, हेही लिहिले नाही. ते त्यांना कळले असते. फाइल पाठवली. ती पोहोचल्याची खूण लगेच आली.

कूलर पाणी ओढत होता. आतल्या खोलीत बाबा झोपले होते. आईला अर्ध्या तासापूर्वीच वळवले होते, भिंतीकडे तोंड करून, त्यामुळे तिला पडदा दिसत नव्हता आणि मीही दिसत नव्हते. कळांचा आवाज थांबला एवढेच तिला कळले असावे.

"काय करून राहिली वं?" तिने हळूच विचारले.

"बसून राहिली," मी म्हणाले.

पुण्यात या वाक्याचा काय अर्थ घेतला जाईल हे आता मला ठाऊक होते. तोही बरोबर होता.